पाहुण्यांसमोर भांडण

आमच्या घरात पाहुण्यांसमोर कोणी आवाज चढवत नसे. भांडणं भरपूर व्हायची, त्यात काही कमी नव्हतं. पण बेल वाजली की आई शेगडी बारीक करावी तसा आवाज बारीक करायची आणि पप्पांच्या चेहऱ्यावर असं काही हसू यायचं, की दारातल्या माणसाला वाटावं, या घरात आजवर कुणी कुणाला उलट शब्द बोललेलं नाही. पाहुणे गेले की पप्पा दार लावून, त्यांची पावलं जिन्यात विरेपर्यंत थांबायचे, आणि मग भांडण जिथं सोडलं होतं तिथूनच उचलायचे. एक शब्दही सुटायचा नाही. हा नियम पप्पांचाच. माझे आजोबा, म्हणजे आबा, नागपूरच्या एका गिरणीत मागावर होते. मागांच्या धडधडाटात त्यांचे कान गेले. त्यामुळे पप्पांच्या लहानपणी त्या घरात साधं 'मीठ द्या' हेही ओरडूनच सांगावं लागे, आणि सगळ्या वस्तीला कळे की मेश्रामांकडे आज भाजी अळणी झाली आहे. पप्पांनी तेव्हाच ठरवलं असणार की आपल्या घरचं बाहेर ऐकू जाता कामा नये.

त्यासाठी जर्मनीतल्या इंगोलश्टाटसारखं गाव नाही. तिथं रविवारी दुपारी जिन्यातून चपला वाजवत गेलं तरी खालच्या बाई दार उघडून बघायच्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. मी दहा वर्षांची असताना पप्पांना तिथं नोकरी लागली आणि आम्ही नागपूरहून आलो. पप्पा मेकॅनिकल इंजिनिअर. गावातल्या मोठ्या मोटारकारखान्याला लागणारे दारांचे रबरी पट्टे बनवणाऱ्या एका कंपनीत ते होते. त्यांचं काम लोकांना सांगताना मला फार मजा वाटायची. मोटारीचं दार लावल्यावर जो आवाज येतो, तो भारदस्त यावा, पत्र्याचा येऊ नये, याची काळजी माझे वडील घेत असत. दिवसभर ते दारं लावत आणि ऐकत. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्येही कुणी दार लावलं की पिशवी हातात तशीच धरून ते थांबायचे आणि म्हणायचे, "खालच्या कोपऱ्यात पट्टा सैल आहे." आई म्हणायची, "अहो, दूध गरम होतंय."

आईचं राज्य स्वयंपाकघरात. तिथंच जेवणाचं टेबल, तिथंच भिंतीवर निळ्या कोटातली ती तसबीर, तिथंच कोपऱ्यातल्या फळीवर छोटी बुद्धमूर्ती. रविवारी सकाळी वंदना तिथंच व्हायची आणि वंदना संपली की पाटवडी रस्सा. बेसनाची वाफाळती पाटवडी ताटात थापून आई तिच्यावर खोबरं भुरभुरायची, सुरीने चौकोन पाडायची, आणि तिकडे रश्श्यावर तेलाचा लाल तवंग चढायचा. वर धुराड्याचा पंखा घरघरत असायचा. तो बंद केला तर वास जिन्यात जातो आणि खालच्या बाई वर येतात, म्हणून तो कायम चालूच. आज मला कुणी डोळे मिटून 'घर' म्हणायला सांगितलं तर मला आधी तो पंखा ऐकू येतो. आता माझ्या दोन्ही कानांत ऐकण्याची यंत्रं बसवली आहेत, पण त्या पंख्याला यंत्र लागत नाही.

शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवायला हेर लोमान होते; जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत. उंच, वाकलेले, बारा महिने एकच जाडाभरडा तपकिरी कोट. गुरुवारी दुपारी ते शाळेचा फिल्मचा वर्ग चालवायचे आणि त्यात त्यांना एकच गोष्ट दाखवायची असायची: ब्रिटनचे साध्या माणसांचे सिनेमे. माझ्या डोक्यातलं इंग्लंड म्हणजे राणी, टोप्या, हिरवळ आणि नाजूक कप. पहिल्या गुरुवारी पडदा उजळला तेव्हा त्यावर काळ्या विटांच्या घरांची एक ओळ होती, मागे धुराडी, आणि एक बाई ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या मोरीपाशी उभी राहून बटाटे सोलत होती. बराच वेळ ती नुसती बटाटेच सोलत होती. माझ्या शेजारी बसलेली माझी मैत्रीण यूले कुजबुजली, "आता काय होणार?" काहीच झालं नाही. नवरा आला, पाणी प्यायला, बाईने ताट पुढे सरकवलं. मला मात्र असं झालं की मी हे सगळं ओळखते. हे नागपूरला आबांच्या खोलीत मी पाहिलेलं आहे.

मग दर गुरुवारी आम्ही तेच पाहत राहिलो. आधी काळेपांढरे, मग रंगीत. यंत्रावर उभा राहून शनिवारची वाट बघणारा तरुण, संपावर गेलेले खाणकामगार, कचेरीच्या खिडकीपाशी नंबर धरून बसलेला बेकार बाप. देखणा नट कुठंच नाही. कधी कधी रस्त्यावरचाच माणूस आणून उभा केलेला. उजेड खिडकीतून येईल तेवढाच. हेर लोमान सांगायचे, या लोकांनी पहिल्यांदा ठरवलं की कामगार म्हणजे सिनेमात विनोदाला आणलेला नोकर नव्हे, गोष्ट त्याचीच आहे. त्यांचे काही दिग्दर्शक तर नटांना पुढचं पानच देत नसत. समोरचा काय बोलणार हे नटाला माहीत नसतं, मग त्याचा चेहरा खोटं बोलू शकत नाही. आणि एका बाबतीत हेर लोमान फार कडक होते. जर्मनीत सगळे परदेशी सिनेमे जर्मन आवाजात दाखवतात. खाणकामगार असो की जमीनदार, सगळे रेडिओवर बातम्या दिल्यासारखं स्वच्छ बोलतात. हेर लोमान तसं चालू देत नसत. मूळ आवाज, खाली अक्षरं. ते म्हणायचे, "आवाज बदलला की माणूस अर्धा मेला." त्या लोकांची बोली इतकी जाडीभरडी होती की इंग्रजीच्या मास्तरांनाही सगळं कळायचं नाही, पण मी बोलण्याच्या मागचंच ऐकत असायची. किटली, लाकडी जिना, वरच्या मजल्यावरचं कुणाचं तरी खोकणं. त्या वर्षभरात मला कळलं की मला हेच करायचं आहे. आवाज धरायचे आहेत.

एकदा पप्पा मला न्यायला लवकर आले आणि मागच्या खुर्चीवर बसून शेवटचा अर्धा तास त्यांनी पाहिला. गाडीत बसल्यावर त्यांनी दार लावलं, सवयीने ऐकलं, गाडी सुरू केली. मग म्हणाले, "यांचा संडासपण बाहेर अंगणात? इंग्लंडात?" थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "आबा असेच यायचे. आधी पाणी. पाणी पिईपर्यंत कुणी बोलायचं नाही." आणि घराजवळ आल्यावर, "दार मात्र फुगलेलं होतं त्यांचं. दमट हवा."

पण सिनेमा वेगळा आणि पोरीचं आयुष्य वेगळं. माझं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. पप्पांनी म्युनिकला मेकॅनिकल इंजिनिअरिंग ठरवून टाकलं होतं. आबा कामगार, पप्पा इंजिनिअर, मी पप्पांपेक्षा मोठी इंजिनिअर, असा तो जिना होता आणि त्याच्या पायऱ्या वरच जायच्या. मी मात्र सुट्टीत गावातल्या एका छोट्या स्टुडिओत काम शिकायला जाऊन आले होते आणि त्यांनी मला आउसबिल्डुंगला जागा देऊ केली होती. तीन वर्षं हाताने काम करत ध्वनिमुद्रण शिकायचं, आठवड्यातले काही दिवस धंदेशिक्षणाच्या शाळेत जायचं. मला अठरा पूर्ण नव्हती, त्यामुळे करारावर पप्पांची सही लागणार होती, आणि स्टुडिओला महिनाअखेरपर्यंत उत्तर हवं होतं. आईला मी सांगितलं होतं. आई म्हणाली होती, "सांग की त्यांना." मी रोज सांगणार होते. रोज पप्पा म्युनिकच्या वसतिगृहाबद्दल काहीतरी नवीन शोधून आणायचे आणि माझं तोंड मिटायचं.

तेवढ्यात हेर लोमाननी ठरवलं की वर्षाच्या शेवटी आमच्या वर्गाने स्वतः एक छोटी फिल्म करायची. खरं स्वयंपाकघर, खरी माणसं, घरची भाषा. बाप कामावरून येतो, मुलगी त्याला न आवडणारं काहीतरी सांगते, भांडण होतं. कुणाचं स्वयंपाकघर? यूलेने माझ्याकडे बोट दाखवलं. ती आमच्याकडे रस्सा खाऊन गेली होती.

हेर लोमान आधी येऊन घर बघून गेले आणि खूश झाले. पसारा, वाळत घातलेल्या कपड्यांचा स्टँड, मसाल्याच्या डब्याशेजारी पप्पांची औषधं. "काहीही हलवू नका," ते आईला म्हणाले. आई जर्मनमध्ये म्हणाली, "या, या," म्हणजे हो, हो. आणि ते गेल्याबरोबर तिने आवराआवरीला सुरुवात केली. शनिवारी मंडळी आली तेव्हा खिडकीला नवे पडदे होते, टेबलावर कशिद्याचं कापड होतं, आई ठेवणीतल्या साडीत होती, आणि फिल्ममध्ये कामावरून दमून यायचे होते ते पप्पा टाय लावून बसले होते. हेर लोमाननी दारातच विचारलं, "कपडे कुठे गेले?" मी भाषांतर केलं. आई मला म्हणाली, "पाहुण्यांसमोर ओले कपडे मांडू?" बरीच मनधरणी झाल्यावर ती आत गेली आणि स्टँड घेऊन आली. त्यावर कोरे, इस्त्री केलेले टॉवेल घडीसुद्धा न मोडता ठेवलेले होते. हेर लोमाननी त्या टॉवेलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच एक टॉवेल चुरगळून परत ठेवला.

मी माइक मसाल्याच्या डब्यामागे बांधला. यूले कॅमेऱ्यामागे गेली. हेर लोमाननी पप्पांना एवढंच सांगितलं, की तुम्ही थकून आला आहात, मुलगी तुम्हाला न रुचणारं काहीतरी सांगेल, घरी जसं बोलाल तसं बोला. आईला सांगितलं, तुम्ही भाकरी करा. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काहीतरी असं सांग जे सांगायला तुला जड जाईल." तसं माझ्याकडे एकच होतं. मग वाटलं, बरंच झालं. कॅमेरा चालू असताना निदान वसतिगृहाचा विषय तरी निघणार नाही.

"पप्पा," मी म्हटलं, "मला म्युनिकला जायचं नाही. मला स्टुडिओत आउसबिल्डुंग करायची आहे. जागा मिळाली आहे. तुमची सही पाहिजे."

पप्पांनी तसबिरीकडे एकदा पाहिलं, मग ते खास दारातलं हसू चेहऱ्यावर आणलं आणि म्हणाले, "हो बेटा. कर की. तुला जे शिकावंसं वाटतं ते शिक."

हेर लोमाननी कॅमेरा थांबवला. आमची भाषा त्यांना कळत नव्हती, पण हसू कळत होतं. "काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

"इतक्यात? हेर मेश्राम, तुम्हाला राग आला पाहिजे."

"गेनाऊ, गेनाऊ," पप्पा म्हणाले, म्हणजे 'अगदी बरोबर', आणि मला मराठीत म्हणाले, "एवढी मंडळी बसली आहेत आणि मी पोरीवर ओरडू? काय म्हणतील ते?"

दुसऱ्या वेळी त्यांनी भुवया आवळल्या. पण आवळलेल्या भुवयांखालूनही "हो बेटा, कर" हेच आलं, आणि वर त्यांनी यूलेकडे पाटवडीची ताटली सरकवली. यूलेने कॅमेरा सोडून एक घेतली. पुढच्या वेळी ते इतके समजूतदारपणे हो म्हणाले की तव्यासमोर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या आईचे खांदे हलायला लागले. हेर लोमान कपाळ पुसत म्हणाले, "असा बाप कुणाला खरा वाटणार नाही. जरा थांबू या."

थांबलो म्हणजे जेवलो. फिल्मसाठी मांडलेलं सगळं जेवण त्यात संपलं आणि आई नवीन थापायला लागली. रश्श्याने हेर लोमानच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते थांबत नव्हते. आणि खाता खाता, अगदी प्रेमाने, ते पप्पांना म्हणाले, "स्टुडिओवाले माझ्या ओळखीचे आहेत. विशाखावर फार खूश आहेत. महिनाअखेर तुम्ही करार पाठवला की झालं."

पप्पांचा घास हातातच राहिला. चेहऱ्यावरचं हसू मात्र जागचं हललं नाही. "या, गेनाऊ," ते म्हणाले. घास खाल्ला, हात धुतले, पुसले, टाय काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाले, "आल्झो, चला. परत घेऊ या."

मला जे कळलं ते हेर लोमानना कळणं शक्य नव्हतं. पाहुण्यांसमोर भांडायला पप्पांना आयुष्यात पहिल्यांदा सोय मिळाली होती. पाहुण्यांनीच ती मागितली होती.

कॅमेरा चालू झाला. मी तेच वाक्य म्हटलं.

"खरं आहे हे?" पप्पा म्हणाले.

"हो पप्पा."

"आणि मला ते तुझ्या मास्तरांकडून कळतं. पाटवडी खाताना." त्यांचा आवाज चढला. मी कानाने ओळखलं, तो आबांच्या घरातला आवाज होता. "माझ्या बापानं जन्मभर मागापाशी उभं राहून कान घालवले. का? तर पोरगा टेबलाशी बसावा. मी बसलो. आणि तू परत खाली उतरणार? वायरी उचलणार? लोकांना मी काय सांगू, मेश्रामची पोरगी काय करते म्हणून?"

माझे डोळे भरून आले. तेव्हा आई तव्यापासून न वळता बोलली. रागावली की ती माहेरच्या बोलीत जायची.

"काहून हो? तुम्ही कुठं टेबलाशी बसता? दिवसभर गाडीची दारं लावता न् ऐकता. पोरगी का आभाळातून पडली? कान तुमचाच आहे तिला." तिने भाकरी उलटली. "अन् आबांना कधी लाज नाही वाटली. कोणी विचारलं का आधी गिरणीतलं खातं सांगत, मग नाव. लाज तुम्हाला वाटते."

वर पंखा घरघरत होता. कुकरची शिट्टी झाली. यूलेचं बोट बटणावर होतं, पण तिने काही थांबवलं नाही. पप्पा ताटाकडे बघत बसले. मग त्यांनी पेला उचलला आणि पाणी प्यायले, सगळं, शेवटच्या घोटापर्यंत. त्यांचं पिऊन होईपर्यंत कुणी बोललं नाही.

"दुपारी जेवायला वेळ देतात का तिथं?" त्यांनी विचारलं.

"अर्धा तास."

"अर्ध्या तासात बाहेर जाऊन काय खाणार तू. डबा नेत जा."

आईने गरम भाकरी त्यांच्या ताटात टाकली. हेर लोमान भिंतीला टेकून उभे होते. त्यांना एक शब्द कळला नव्हता आणि त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. रश्श्याचाही परिणाम असेल.

दुसऱ्या दिवशी, रविवारी वंदना झाल्यावर पप्पा स्वतःच म्हणाले, "आण तो करार." मी आणला. सही करताना म्हणाले, "कॅमेऱ्यासमोर, चार माणसांसमोर हो म्हटलंय मी. तेही पुन्हा पुन्हा. आता मागे कसा घेऊ?" आई पाटवडीचे चौकोन पाडत होती. ती म्हणाली, "हो ना. शब्द म्हणजे शब्द." आणि दोघंही माझ्याकडे न बघता हसले. मी त्या दिवशी टेबलाशी बसून रडले आणि रडता रडता पाच पाटवड्या खाल्ल्या. इतकी सुखी मी नंतर फार वेळा झाले नाही.

फिल्म शाळेच्या हॉलमध्ये दाखवली. खालची जर्मन अक्षरं पप्पांनी आणि मी मिळून लिहिली. 'काहून'ला जर्मन शब्द सापडेना म्हणून ते एक संध्याकाळ अस्वस्थ होते. हेर लोमाननी अर्थातच भांडणाचाच भाग ठेवला, तोही पाण्याचा पेला खाली ठेवेपर्यंतच. डब्याचं बोलणं त्यांना जास्तच गोड वाटलं, म्हणून ते कापलं. त्यामुळे पडद्यावर दिसला तो एक कर्दनकाळ बाप आणि डोळे भरलेली मुलगी. टाळ्या भरपूर पडल्या. नंतर बाहेर केक खाताना यूलेच्या आजी पप्पांपाशी आल्या आणि त्यांनी त्यांना समजावून सांगितलं, की हल्लीच्या मुलींना त्यांच्या मनाप्रमाणे जगू द्यायला हवं. माझी आउसबिल्डुंग सुरू व्हायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते आणि पप्पांनी माझ्यासाठी तीन कप्प्यांचा डबासुद्धा आणून ठेवला होता. मी सांगायला पुढे झाले, तर पप्पांनी मला हाताने थांबवलं. पाहुण्या बाईंना खोटं पाडायचं नाही. "या, गेनाऊ," ते मान खाली घालून म्हणाले. "फार कडक बाप आहे मी."

हेर लोमाननी टाकून दिलेले तुकडे मी मागून घेतले होते. ते मी आयुष्यभर एका यंत्रातून दुसऱ्यात हलवत आले. पप्पा गेले, आई गेली, ते घरही आता दुसऱ्या कुणाचं आहे. कधीमधी मी ते लावते. चित्र बघत नाही, फक्त ऐकते. आधी पंखा. मग माझा घाबरा आवाज, सही मागणारा. मग पप्पा, "हो बेटा, कर." पुन्हा मी, पुन्हा पप्पा, "हो बेटा, कर," आणि ताटली सरकल्याचा आवाज. पुन्हा मी, आणि पुन्हा तेच, आणखी मायेने, मागे आईचं तोंडात पदर धरून दाबलेलं हसू. असा बाप कुणाला खरा वाटणार नाही, असं मास्तर म्हणाले होते. माझ्याकडे त्याचं ध्वनिमुद्रण आहे.